सरन्यायाधीशांचा कान

संविधानाची एकशे एकोणचाळिसावी दुरुस्ती लागू झाली त्या सकाळी आमच्या न्यायालयात तेरा न्यायमूर्ती लिफ्टबाहेर अडकले.

लिफ्ट चालू होती. दार उघडं होतं. आत लिफ्टवाला स्टुलावर बसून वाट बघत होता. पण आधी पाय कुणी ठेवायचा, हे कुणालाच माहीत नव्हतं. आदल्या संध्याकाळपर्यंत माहीत होतं. ज्यांनी आधी शपथ घेतली ते लिफ्टमध्ये आधी, चहाला आधी, जेवणाच्या टेबलावर आधी, आणि वय व नशीब जुळलं तर शेवटी सरन्यायाधीशाच्या खुर्चीतही आधी. ज्येष्ठता हा एकच धागा होता, आणि तो संसदेनं दोन तृतीयांश बहुमतानं कापला होता. "आपण आधी", "छे छे, आपण" असं पंचवीस मिनिटं चाललं. शेवटी सगळे जिन्यानं गेले. जिना रुंद होता. तेराही जणांना खांद्याला खांदा लावून एका ओळीत चढता आलं. तो फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. खाली लिहिलं होतं, 'न्यायव्यवस्थेत समता'.

मी तेव्हा जिन्याच्या वरच्या टोकाला फायली घेऊन उभी होते. मी शर्वरी ताकसांडे, न्यायमूर्ती प्रल्हाद टेंभुर्णे यांची निवाडा-सहायक. निवाडा-सहायकाचं काम म्हणजे साहेबांनी काय ठरवलंय ते समजून घ्यायचं आणि मग त्याला कारणं शोधायची.

आमचं संघ न्यायालय नागपूरला आलं ते देशाच्या मध्यावर म्हणून. पक्षकार काश्मीरचा असो की केरळचा, प्रत्येकाला सारखंच लांब पडावं आणि सारखंच उकडावं, हा त्यामागचा विचार.

दुरुस्ती का झाली तेही सांगते. जुन्या पद्धतीत पुढच्या तीस वर्षांचे सरन्यायाधीश आजच सांगता यायचे, फक्त जन्मतारखा आणि शपथेच्या तारखा माहीत हव्यात. त्यामुळे कुणाला साडेतीन वर्षं मिळायची, कुणाला एकोणीस दिवस. एकांना सहा दिवस मिळाले. त्यातला एक रविवार होता आणि एक होळी. त्यांचं दालनात लावायचं चित्र पूर्ण होईपर्यंत त्यांच्यानंतरचे दोन जण निवृत्त झाले. लोक म्हणायचे, हे बदला. पण बदलून काय ठेवायचं, ते कुणाला सुचत नव्हतं. सरकारला निवडू द्यावं तर सरकारचा माणूस येणार. न्यायमूर्तींना निवडू द्यावं तर न्यायमूर्तींचा माणूस येणार.

ते सुचलं एका मेंदूविकारतज्ज्ञ बाईंमुळे. डॉ. इंदुमती पाळधीकर अशा रुग्णांचा अभ्यास करत होत्या, ज्यांना झटका येऊन गेल्यावर आधी बनियन घालावं की आधी शर्ट, हे ठरवता येत नव्हतं. त्या शोधात त्यांना न झटका आलेल्या माणसांबद्दल एक गोष्ट सापडली.

आपण एखादी बाजू ऐकतो तेव्हा मेंदूतले काही पेशीसमूह तराजूसारखे वागतात. एक मुद्दा आला की या पारड्यात एक खडा पडतो, उलटा मुद्दा आला की त्या पारड्यात. प्रत्येक खड्यानिशी त्या पेशींचा विद्युत-संदेश जरासा वर चढतो. चढता चढता तो एका ठरावीक उंचीला पोचला की पारडं खटकन टेकतं. झालं, ठरलं. त्यानंतर तराजू कुलूपबंद. पुढचं बोलणं कानावर पडतं, समजतं, लक्षातही राहतं, पण एकही खडा पारड्यात जात नाही. आणि आपलं ठरलंय, हे आपल्याला स्वतःला बऱ्याच उशिरा कळतं. मधल्या वेळात आपण अगदी प्रामाणिकपणे समजत असतो की आपण ऐकतोय.

हे संदेश कानाच्या नळीपर्यंत पोचतात, अगदी क्षीण असले तरी. पाळधीकरबाईंनी तुरीच्या दाण्याएवढं एक यंत्र केलं. ते कानात घालायचं. मन उघडं असेल तर त्यावर हिरवा ठिपका, ठरलं की लाल. काय ठरलं ते यंत्राला कळत नाही. कधी ठरलं तेवढंच कळतं. ठरण्याआधीच्या वेळेला नाव पडलं 'खुला काळ'. साध्या माणसाचा खुला काळ सात मिनिटं निघाला, दुकानदारांचा चाळीस सेकंद. टीव्हीवरच्या चर्चेतल्या तज्ज्ञांचा आकडा उणे आला. म्हणजे त्यांचं ठरतं ते प्रश्न विचारायच्या आधी.

न्यायमूर्तींचा सरासरी चार मिनिटं आला.

"एक सुनावणी चार दिवस चालते," कायदामंत्री संसदेत म्हणाले, "मग उरलेले तीन दिवस, तेवीस तास आणि छप्पन्न मिनिटं हा देश कुणाशी बोलत होता?"

म्हणून दुरुस्ती. प्रत्येक न्यायमूर्तींनी तीन वर्षं कामकाजात तो दाणा कानात घालायचा. ज्यांचा खुला काळ सर्वांत मोठा, ते पाच वर्षांसाठी सरन्यायाधीश. शपथ झाली की विषय संपला, कुणालाही तो पुन्हा उकरता येणार नाही. यंत्राशी खेळ करणाऱ्याची नोकरी आणि निवृत्तिवेतन, दोन्ही बंद. मात्र शपथेआधी जो स्वतःहून सांगेल, त्याला माफी.

तीन वर्षं गेली. निकाल आला. चौतीस न्यायमूर्तींमध्ये आमच्या साहेबांचा पहिला नंबर होता.

साहेबांनी पेढे वाटले. मी पेढा हातात धरून बसले, कारण मी साहेबांना ओळखत होते. माणूस अतिशय चांगला. लिफ्टवाल्याच्या मुलीचा वाढदिवस लक्षात ठेवतील, हिवाळ्यात सगळ्या कर्मचाऱ्यांना संत्र्यांच्या पेट्या देतील. पण त्यांचं लवकर ठरतं. वकील माइक सरळ करेपर्यंत ठरतं. एकदा एक अर्जदार काळा चष्मा लावून आला. साहेबांना तो मग्रूर वाटला आणि चौथ्या मिनिटाला त्याचा अर्ज गेला. नंतर कळलं की त्याचं आदल्या दिवशी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. साहेबांना फार वाईट वाटलं. त्यांनी त्याला डोळ्यांत घालायचे थेंब पाठवले. निकाल तसाच राहिला.

आणि आता अहवाल म्हणत होता की साहेबांचा खुला काळ चार दिवस सहा तास आहे. दुसऱ्या नंबरवरच्या न्यायमूर्ती मंदाकिनी उईके यांचा एक्कावन्न मिनिटं. मापन कार्यालयानं खाली टीप दिली होती: 'उल्लेखनीय बाब. एकेचाळीस प्रकरणांत माननीय न्यायमूर्तींचे मन निकाल दिल्यानंतरही खुले होते. एका प्रकरणात ते अद्याप खुले आहे.' एका पेपरानं अग्रलेख लिहिला, 'निकालापलीकडे पाहणारा न्यायमूर्ती'.

पडताळणीच्या कागदावर शपथेआधी माझी सही हवी होती. शपथविधी सोमवारी सकाळी दहाला. शुक्रवारी मी तीन वर्षांच्या नोंदी उघडून बसले आणि तीन फेब्रुवारीला अडखळले. त्या दिवशी साहेबांची अक्कलदाढ काढली होती, ते कोर्टात आलेच नव्हते. नोंद मात्र पूर्ण होती. साहेब दाताच्या डॉक्टरकडे होते, आणि साहेबांचा कान दिवसभर कोर्ट क्रमांक नऊमध्ये पाणीवाटपाचा खटला ऐकत होता.

मी आठवून पाहिलं. साहेब सुट्टीवर असले की दुसऱ्यांचे खटले ऐकत बसणारा माणूस आमच्याकडे एकच होता. लोक सिनेमाला जातात तसा तो जायचा.

शालिकराम लोणारे आमचे चोपदार. लाल पागोटं, पांढरा अंगरखा, हातात काठी. न्यायमूर्तींच्या तीन पावलं पुढे चालायचं, वाट मोकळी करायची, खुर्ची मागे ओढायची, गाऊन चढवायचा आणि मग सुनावणीभर खुर्चीमागे उभं राहायचं. एकोणीस वर्षं ते टेंभुर्णेसाहेबांच्या पुढे चालले होते. तीस सप्टेंबरला निवृत्त होणार होते. त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आणि ती सगळ्या न्यायालयाला माहीत होती. ज्यांचे साहेब सरन्यायाधीश होतात तो मुख्य चोपदार होतो, आणि मुख्य चोपदाराच्या हातात सिंहाच्या तोंडाची चांदीची काठी येते. जुन्या पद्धतीत साहेब सहाव्या नंबरवर असतानाच निवृत्त झाले असते. आता काठी तीन दिवसांवर आली होती.

ते मागच्या खोलीत शपथविधीच्या गाऊनला इस्त्री करत होते. मी पहिल्यांदाच पागोट्याच्या कडेखालच्या त्यांच्या कानाकडे नीट बघितलं.

"शालिकरामजी, कानात काय आहे तुमच्या?"

"हे? मशीन आहे जी."

"कुणाचं?"

"साहेबाचं."

"मग तुमच्या कानात कसं?"

त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. "साहेबाले खाजवते नं ते. पह्यल्याच दिवशी काढलं अन् म्हणाले, हे धर. मी धरलं. तर ते हातात पी-पी-पी करे. गरम नाही लागलं का बोंबलते ते. समोर वकील उभा, साहेब चिडून राहिले. मंग मी कानात घातलं. चूप झालं."

"आणि नोंदणीला मापनवाला माणूस आला होता ना?"

"आला होता नं. दाराबाहेर उभा राह्यला बिचारा. न्यायमूर्तीच्या कानाले हात कसा लावन तो? बाहेरूनच म्हणे, लावलं का? मी म्हटलं, लावलं."

"साहेबांना माहीत आहे हे?"

"साहेबाले वाटते मी ते मंग खुर्चीत बसवून टाकलं."

"आणि तुम्हाला? तुम्हाला हे कशाचं मशीन वाटलं?"

"बीपीचं," शालिकराम म्हणाले. "म्हटलं, साहेबाचं बीपी लवकर चढते, आपलं बरं आहे. साहेबाचा रिपोर्ट चांगला गेला तर काय वाईट आहे?"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. तराजू, खडे, चार दिवस सहा तास. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. कानात हिरवा ठिपका.

"म्हंजे पह्यला नंबर साहेबाचा नाही?"

"नाही."

"मंग कोणाचा?"

"तुमचा."

त्यांनी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं, गाऊन होता. मग ते स्टुलावर बसले. त्या खोलीत त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"हे बघा," मी म्हटलं, "मी हे वर कळवलं तर तुमचं निवृत्तिवेतन जातं. तुम्ही स्वतः सांगितलं तर माफी आहे, पण साहेबांची खुर्ची जाते आणि तुमची काठीही जाते. कुणीच नाही सांगितलं, तर साहेब पाच वर्षं सरन्यायाधीश. निकाल चार-चार मिनिटांत."

"अन् कधीपर्यंत सांगा लागते?"

"सोमवारी दहाच्या आत."

"ठीक आहे," ते म्हणाले. "विचार करतो."

तिथंच अडचण होती. देशातलं सगळ्यात खुलं मन सोमवारी दहाच्या आत बंद व्हायला हवं होतं.

खरं सांगायचं तर माझंही मन फार स्वच्छ नव्हतं. सरन्यायाधीशांच्या सहायकाला स्वतंत्र खोली मिळते, खिडकीसकट, आणि एसीचा रिमोट तिच्याच ताब्यात असतो. माझ्या बाबांनी ही बातमी आधीच अख्ख्या धरमपेठेत पोचवली होती. मी सही केली नाही. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

रविवारी सकाळी मी पाचपावलीत शालिकरामांच्या घरी गेले. ते अंगणात येरझाऱ्या घालत होते. हातात चंदेरी रंग दिलेला प्लास्टिकचा पाइप होता. त्यांच्या पत्नी कौतिकाबाई ओट्यावर अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या.

"शुक्रवारपासून हेच चालू आहे," त्या म्हणाल्या. "फाटकापर्यंत जातात, वापस येतात. फाटकाशी गेले का म्हणतात सांगतो. इकडं आले का म्हणतात नाही सांगत. चहा घ्याल नं?"

"उद्या दहापर्यंत ठरेल का हो त्यांचं?"

"ह्यायचं?" कौतिकाबाई हसल्या. "मले पाह्यले आले होते न, तर होकार सव्वा वर्षानं कळवला. माझ्या बापानं तोपर्यंत दोन जागा पाह्यल्या. मीच अडून बसली."

"तुम्ही का थांबलात?"

"माझा बाप लई बोलायचा. घरात कोणी ऐकत नव्हतं त्याचं. हे पोह्याची बशी घेऊन बसले अन् दोन घंटे ऐकलं. पोहे थंडे झाले, पण ऐकलं."

शालिकराम आमच्यापाशी येऊन थांबले. पाइप त्यांनी भिंतीला असा टेकवला, जसा तो खरंच चांदीचा आहे.

"सांगावं, तर साहेबाची इज्जत जाते," ते म्हणाले. "एकोणीस वर्षांत माणसानं मले एक वाकडा शब्द नाही बोलला. पेढे वाटून झाले त्याचे. अन् नाही सांगावं, तर तो काळा चष्मेवाला आहे नं, तो. त्याचं माझं अजून नाही ठरलं. पण साहेबाचं चवथ्या मिनटाले ठरलं होतं. अशे किती येतीन पाच वर्षांत?"

"मग?"

"मंग खरं सांगू? मले ते काठी पाह्यजे. बोलाले लाज वाटते, पण पाह्यजे."

मी तोंड उघडलं. मला त्यांना काहीतरी सांगायचं होतं. काय, ते मला अजूनही माहीत नाही.

"तुमी नका सांगू," त्यांनी हात वर केला. "तुमी सांगितलं, का मंग ते 'स्वतःहून' नाही राहत."

कायदा त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळत होता. एकोणीस वर्षं उभ्यानं शिकले होते. मी चहा पिऊन निघाले तेव्हा ते फाटकापाशी पोचले होते. म्हणजे त्या क्षणी सांगणार होते. मग ते वळले.

सोमवारी नऊ पंचावन्नला मिरवणूक निघाली. सगळ्यांत पुढे शालिकराम, हातात नेहमीची लाकडी काठी. त्यांच्यामागे तीन पावलांवर साहेब. साहेबांच्यामागे तेहतीस न्यायमूर्ती, नावांच्या अकारविल्हे क्रमानं, कारण लिफ्टच्या प्रकरणानंतर तेवढा एकच क्रम कुणाला अपमानाचा वाटत नव्हता. मी बाजूच्या भिंतीला धरून चालत होते. पर्समध्ये बिनसहीचा कागद, हातात पेन. सभागृहात राष्ट्रपती आले होते. बँड वाजत होता. व्यासपीठाशेजारी लाल मखमलीवर चांदीची काठी ठेवली होती. ती दारातूनच दिसत होती.

दाराशी पोचल्यावर शालिकराम थांबले.

चोपदार थांबला की न्यायमूर्ती थांबतात. त्याला ओलांडून जायचं नसतं, तसा रिवाज आहे. साहेब थांबले. मागचे तेहतीस जण थांबले, तेही अकारविल्हे. बँडनं धून संपवली आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू केली.

"काय झालं रे?" साहेब हळूच म्हणाले. "पाय मुरगळला काय?"

शालिकराम मागे वळले. चोपदार न्यायमूर्तींकडे तोंड करून उभा राहिलेला त्या इमारतीनं पाहिला नसावा.

"साहेब, एक मिनिट द्या जी. ठरून राह्यलं."

नऊ अठ्ठावन्न. मी पेनाचं टोपण काढलं. त्या पेनाचं मी काय करणार होते, ते नशिबानं मला ठरवावं लागलं नाही. कारण शालिकरामांच्या कानातला हिरवा ठिपका लाल झाला. तो लाल झालेला मी पहिल्यांदाच बघत होते.

"ठरलं," ते म्हणाले. कानातला दाणा काढून त्यांनी साहेबांच्या तळहातावर ठेवला. दाणा पी-पी करायला लागला. "हे मशीन तीन वर्षं माझ्या कानात होतं जी. पह्यला नंबर आला तो माझ्या कानाचा आला. तुमचा नाही. मी हे स्वतःहून सांगून राह्यलो."

साहेबांनी दाणा बोटानं उलटसुलट करून बघितला. "म्हणजे खुर्चीत नव्हतं?"

"नाही जी."

"आणि ते चार दिवस सहा तास..."

"माझे होते जी."

मागे कुजबुज सुरू झाली. साहेबांनी दाणा उचलला आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या कानात घातला. आवाज बंद झाला. हिरवा ठिपका लागला. मी मनातल्या मनात मोजलं. एक, दोन, तीन, चार. लाल.

"ठरलं," साहेब म्हणाले. "मी शपथ घेत नाही."

त्या जागी दुसरं कुणी असतं, सावकाश विचार करणारं, तर त्यांनी आधी समिती नेमली असती. राष्ट्रपती आत ताटकळलेत म्हणून तोवर शपथ उरकून घेतली असती, आणि समितीचा अहवाल पाच वर्षांनी आला असता. त्या सकाळी देशाला लवकर ठरणाऱ्या माणसाची चार सेकंदांपुरती गरज होती, आणि तो नेमका दारात उभा होता.

"उईकेबाई," साहेबांनी कान खाजवत मागे हाक मारली, "दुसरा नंबर तुमचा ना? या पुढे."

न्यायमूर्ती उईके विचारात पडल्या. शपथविधी दहा वाजून एक्कावन्न मिनिटांनी झाला.

पुढचं सगळं रीतसर झालं. शालिकरामांना माफी मिळाली. मापन कार्यालयाला न्यायमूर्तींच्या कानाला हात लावण्याची लेखी मुभा मिळाली. वर्ध्याच्या एका निवृत्त मास्तरांनी याचिका केली की पहिला नंबर शालिकराम लोणारे यांचा असल्यानं सरन्यायाधीश तेच व्हायला हवेत. नव्या सरन्यायाधीशांनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि फेटाळली. संविधानात 'आसनस्थ' असा शब्द आहे, आणि चोपदार उभा असतो. चांदीची काठी उईकेबाईंच्या चोपदाराकडे गेली. तो भला माणूस. एका दुपारी त्यानं ती शालिकरामांना मागच्या खोलीत पाच मिनिटं धरायला दिली.

"जड आहे बाप्पा," शालिकराम मला नंतर म्हणाले. "दिवसभर धरली असती तर खांदा गेला असता." ते खूश दिसत होते. मला खिडकी मिळाली नाही. बाबांनी धरमपेठेत काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

बदलले ते साहेब. आता दाणा त्यांच्याच कानात होता. चौथ्या मिनिटाला तो लाल व्हायचा, आणि सगळ्या कोर्टाला ते दिसायचं. मग साहेब खुर्चीतल्या खुर्चीत मागे वळायचे.

"शालिकराम, तुमचं?"

"अजून नाही जी."

"हं," साहेब वकिलाकडे वळायचे. "बोला. मला दुसऱ्या बाजूनं समजावून सांगा. माझं ठरलंय, ते मोडून दाखवा."

साहेबांचं मन उघडत नव्हतं, पण आपलं मन बंद झालंय हे त्यांना वेळेवर कळायला लागलं होतं. ते वकिलांशी भांडायचे, स्वतःच्या निकालाविरुद्ध मुद्दे मागायचे, नसले तर मला शोधायला लावायचे. वकिलांनी तक्रार केली की साहेबांच्या कोर्टात हल्ली तयारी करून यावं लागतं. मीही आता ठरलेल्या निकालाला कारणं शोधत नव्हते. निकाल कारणांमागून येत होता. कामाचा ताण वाढला आणि झोप चांगली लागायला लागली.

तीस सप्टेंबरला एका नर्सबाईंच्या बडतर्फीचा खटला चालू होता. साडेचार वाजले. साहेब मागे वळले.

"ठरलं काय?"

"नाही जी. दवाखान्याची बाजू अजून अर्धीच झाली."

"अहो, पण तुम्ही आज निवृत्त होताय."

"हाव जी. ते बी आहे."

साहेबांनी दिनदर्शिका बघितली आणि पुढची तारीख दिली, चार ऑक्टोबर.

चार ऑक्टोबरला साहेबांच्या पुढे नवा चोपदार चालला. शालिकराम प्रेक्षकांच्या तिसऱ्या रांगेत होते. बुशशर्ट घातलेला, शेजारी कौतिकाबाई, त्यांच्या मांडीवर डबा. पागोट्याशिवाय ते एवढे छोटे दिसत होते की साहेबांना त्यांना शोधायला वेळ लागला. दवाखान्याचे वकील बोलले, नर्सबाईंच्या वकील बोलल्या. साहेब अधूनमधून तिसऱ्या रांगेकडे बघायचे आणि म्हणायचे, "चालू द्या." पावणेचारला शालिकराम उठले, त्यांनी साहेबांना हात जोडले आणि कौतिकाबाईंना घेऊन बाहेर गेले. साहेबांनी पाणी प्यायलं आणि निकाल सांगितला. नर्सबाई कामावर परत.

मी धावत खाली गेले. ते दोघं फाटकापाशी ऑटोची वाट बघत होते.

"शालिकरामजी, तुमचं काय ठरलं होतं?"

"दवाखान्याचं बरोबर आहे, असं."

"साहेबांनी तर नर्सबाईंच्या बाजूनं दिला!"

ऑटो आला. त्यांनी पायरीवर ठेवलेला पाय खाली घेतला.

"हो का? कोणत्या मुद्द्यावर?"

"हजेरीपुस्तकाच्या. फायलीत बघून म्हणाले, ते पान नंतर चिकटवलंय."

"पान?" ते म्हणाले. "थांबा बरं. पानाचं आपण ऐकलंच नाही." आणि ते वळून कोर्टाच्या पायऱ्या चढायला लागले.

कौतिकाबाईंनी ऑटोवाल्याला हातानंच जा म्हणून सांगितलं. मग फाटकाजवळच्या कठड्यावर बसल्या, डबा उघडला आणि मला म्हणाल्या, "ये बाई, बस. भाकर खाऊन घे. आता टाइम लागन."